कीटकनाशक फवारणीतील हातांचे संरक्षण (यवतमाळ जिल्हा)

कीटकनाशकांची हाताळणी, मिश्रण व फवारणी करताना विषाचा त्वचेशी, विशेषतः हातांशी, येणारा संपर्क टाळण्यासाठी वापरावयाची साधने व पाळावयाच्या सवयी यांचा विचार या लेखात केला आहे. महाराष्ट्राच्या विदर्भ विभागातील यवतमाळ जिल्ह्यात २०१७ च्या खरीप हंगामात कापसावरील फवारणीतून मोठ्या प्रमाणावर विषबाधा झाली. तेव्हापासून हा विषय राज्यात सार्वजनिक चर्चेचा झाला.

पार्श्वभूमी

यवतमाळ हा प्रामुख्याने कोरडवाहू कापसाचा जिल्हा आहे. घाटंजी, आर्णी, केळापूर, मारेगाव, वणी आदी तालुक्यांत कापूस हेच मुख्य नगदी पीक होय. २०१७ मध्ये गुलाबी बोंडअळीने बीटी कापसाच्या प्रतिकारशक्तीला दाद दिली नाही. रसशोषक किडींचाही उपद्रव वाढला आणि फवारण्यांची संख्या वाढली. त्या वर्षी अनेक शेतांत झाडे माणसाच्या डोक्याइतकी उंच व दाट झाली होती. अशा पिकात शिरून फवारताना तुषार पायांऐवजी छातीवर, चेहऱ्यावर व उचललेल्या हातांवर पडतात. सप्टेंबर-ऑक्टोबरमधील दमट उकाडा आणि बारीक धुके सोडणारे यांत्रिक पंप यांनी त्यात भर घातली.

त्या हंगामात जिल्ह्यात वीसहून अधिक शेतकरी व शेतमजूर दगावले आणि शेकडो जणांना रुग्णालयात दाखल करावे लागले. यवतमाळ येथील वसंतराव नाईक शासकीय वैद्यकीय महाविद्यालयावर उपचारांचा मुख्य भार पडला. अनेक रुग्णांना अंधुक दिसत होते. बहुतेकांनी दोन-तीन औषधे एकत्र करून फवारलेली असल्याने नेमके कोणते विष शरीरात गेले, हे डॉक्टरांना ठरवणे अवघड झाले. राष्ट्रीय मानवी हक्क आयोगाने ऑक्टोबर २०१७ मध्ये राज्य शासनाला नोटीस बजावली. शासनाने विशेष तपास पथक नेमले. नोव्हेंबरमध्ये यवतमाळ, अमरावती, अकोला, वाशिम व बुलढाणा या पाच जिल्ह्यांत मोनोक्रोटोफॉस, ॲसिफेट, डायफेन्थियुरॉन, प्रोफेनोफॉस-सायपरमेथ्रिन मिश्रण आणि फिप्रोनिल-इमिडाक्लोप्रिड मिश्रण यांच्या विक्रीवर साठ दिवसांची बंदी घालण्यात आली. तोवर हंगामातील बहुतेक फवारण्या होऊन गेल्या होत्या.

विष हातांतून कसे जाते

विष केवळ नाकातोंडावाटे जाते असा सर्वसाधारण समज आहे, त्यामुळे तोंडाला रुमाल बांधला जातो आणि हात उघडे राहतात. वास्तविक ऑरगॅनोफॉस्फेट गटातील औषधे त्वचेतून सहज शोषली जातात व फवारणीच्या कामात त्वचा हाच त्यांचा प्रमुख मार्ग असतो. शरीराच्या सर्व भागांची शोषणक्षमता सारखी नसते. पॅराथिऑनवरील प्रयोगांत हाताच्या पुढल्या भागाच्या तुलनेत कपाळ व डोक्याची त्वचा सुमारे चौपट, तर वृषणाची त्वचा सुमारे बारापट विष शोषते असे आढळले. तळहाताची त्वचा त्या मानाने जाड असते. मात्र तोच हात कपाळावरचा घाम पुसतो, डोळे चोळतो आणि लघवीला जाताना वापरला जातो. म्हणूनच लघवीला जाण्यापूर्वी हात धुणे हा फवारणीतील सर्वांत दुर्लक्षित, पण सर्वांत आवश्यक नियम मानावा लागेल.

विदर्भात याला खर्ऱ्याची जोड मिळते. खर्रा घोटणे, पुडी उघडणे व बोटांनी तोंडात टाकणे ही तिन्ही कामे त्याच हातांनी होतात. तंबाखू-चुना मळण्याचेही तेच. फवारणी थांबवून घेतलेली ही पाच मिनिटांची विश्रांती प्रत्यक्षात विषाला पोटात जाण्याची वाट करून देते.

मिश्रण करतानाचा धोका

सर्वाधिक धोका फवारणीपेक्षा मिश्रण करताना असतो. समजा, ३६ टक्क्यांचे औषध दहा लिटर पाण्यात दहा मिलिलिटर घातले, तर तयार द्रावण हजारपट सौम्य होते. म्हणजेच मूळ औषधाचा एक मिलिलिटर हातावर सांडणे हे तयार द्रावणाचा एक लिटर हातावर ओतून घेण्यासारखे आहे. तरीही औषध बाटलीच्या झाकणाने मोजणे, बादलीत हात घालून ढवळणे व पंपाचे अडकलेले नोझल तोंडाने फुंकून मोकळे करणे या सवयी सर्रास आढळतात. मोजमापासाठी स्वतंत्र माप, ढवळण्यासाठी लांब काठी आणि नोझलसाठी जुना दातांचा ब्रश वापरल्यास यांतील बराचसा धोका विनाखर्च टळतो. फवारणारा बहुधा पुरुष असला, तरी पाणी आणणे व द्रावण तयार करण्यास मदत करणे ही कामे पुष्कळदा घरातील स्त्रिया करतात. हातमोज्यांचा एकच जोड असेल, तर तो फवारणाऱ्याकडे जातो आणि मूळ औषध हाताळणारी व्यक्ती उघड्या हातांनी काम करते. हे वाटप उलटे आहे.

हातमोजे

कीटकनाशकांसाठी नायट्राइल रबराचे, आतून अस्तर नसलेले व मनगटाच्या वर जाणारे हातमोजे योग्य समजले जातात. सुती किंवा चामड्याचे मोजे औषध शोषून घेतात व ते तासन्‌तास त्वचेला लावून ठेवतात. असे मोजे उघड्या हातांपेक्षाही घातक ठरू शकतात. दवाखान्यात वापरतात ते पातळ मोजे कापसाच्या फांद्यांत लवकर फाटतात. हातावर प्लॅस्टिकची पिशवी बांधणे हा प्रकारही पकड सुटत असल्याने फारसा टिकत नाही. आय.एस.ओ. १८८८९ (२०१९) या आंतरराष्ट्रीय मानकात कीटकनाशक हाताळणाऱ्यांच्या हातमोज्यांचे वर्ग केलेले असून मूळ औषधासाठी जी-२ हा वर्ग आहे.

बाही मोज्याच्या आत की बाहेर, हे हातांच्या स्थितीवर अवलंबून असते. हात खाली ठेवून फवारताना बाही मोज्यावरून बाहेर असावी, म्हणजे ओघळ मोज्यात शिरत नाही. उंच पिकात नळी वर धरावी लागते, तेव्हा बाही मोज्याच्या आत खोचून मोज्याची कड बाहेरून दुमडावी. यवतमाळच्या उंच कापसात ही दुसरी पद्धत लागू पडते.

मोजे काढण्याचा क्रम महत्त्वाचा आहे. प्रथम मोजे घातलेलेच हात साबण व पाण्याने धुवावेत, नंतर मोजे काढावेत आणि मग उघडे हात पुन्हा धुवावेत. हातावर औषध सांडल्यास लगेच भरपूर पाणी व साबण वापरावा. रॉकेलने हात पुसू नयेत, कारण त्याने त्वचेतील स्निग्धांश निघून शोषण वाढते. मातीने खरडून घासण्यानेही त्वचा सोलवटते. भोक पडलेला किंवा आतून ओला झालेला मोजा टाकून द्यावा.

कायदा व वास्तव

कीटकनाशक अधिनियम, १९६८ अंतर्गत केलेल्या १९७१ च्या नियमांतील नियम ३९ मध्ये संरक्षक पोशाखाची तरतूद आहे. त्यात निम्म्या बाहूपर्यंत येणाऱ्या रबरी किंवा अभेद्य हातमोज्यांचा समावेश होतो. बाटलीवरील लाल, पिवळा, निळा व हिरवा त्रिकोण विषारीपणाचा उतरता क्रम दाखवतो आणि मोनोक्रोटोफॉसला लाल त्रिकोण आहे. तथापि, शेतमालक व रोजंदारीवरील मजूर यांच्यात मोजे कोणी आणायचे, हे व्यवहारात अनुत्तरितच राहते. रबरी पोशाख ३५ अंशांच्या उकाड्यात दिवसभर घालणे शक्य नसते, ही मजुरांची तक्रारही निराधार म्हणता येत नाही. पूर्ण पोशाखाचा आग्रह धरून काहीच न वापरले जाण्यापेक्षा हातमोजे, पूर्ण बाह्या आणि सकाळची किंवा सायंकाळची फवारणी एवढे तरी कटाक्षाने पाळणे अधिक व्यवहार्य दिसते.

विषबाधेची लक्षणे

जास्त घाम, लाळ व डोळ्यांत पाणी येणे, बाहुल्या आकसणे, अंधुक दिसणे, मळमळ, पोटात कळा आणि स्नायू फडफडणे ही ऑरगॅनोफॉस्फेट विषबाधेची प्रमुख लक्षणे होत. नुसता घाम व थकवा असेल, तर ऊन लागले असे समजून दुर्लक्ष होण्याचा धोका असतो. लक्षणे दिसताच फवारणी थांबवून कपडे काढावेत, अंग साबणाने धुवावे आणि रुग्णाला रुग्णालयात न्यावे. सोबत औषधाची बाटली किंवा वेष्टन न्यावे. मिश्रण फवारले असल्यास सर्व औषधांची वेष्टने न्यावीत. ॲट्रोपिन व प्रॅलिडॉक्झिम ही औषधे ऑरगॅनोफॉस्फेटवर दिली जातात. सर्व कीटकनाशकांवर ती लागू पडत नाहीत आणि डायफेन्थियुरॉनसारख्या औषधांवर विशिष्ट उतारा नाही. रुग्णाला मदत करणाऱ्यानेही हातमोजे घालावेत, कारण भिजलेल्या कपड्यांतून विष त्याच्या हातांना लागते.