आजमास आणि ताळेबंद : जुन्या कारभारातील नियमनाचा विचार

नळदुर्गच्या किल्ल्यात बोरी नदीवर जो बंधारा आहे, तो दुसऱ्या इब्राहीम आदिलशहाच्या कारकीर्दीत, इ. स. १६१३ मध्ये, मीर महंमद इमादीन याने बांधला. त्याच्या पोटातील पाणीमहाल प्रसिद्धच आहे. पावसाळ्यात पाणी ठराविक उंचीवर चढले म्हणजे जादा पाणी नर व मादी या दोन वाटांनी खाली पडते. कारभारातील नियमनाचे तत्त्व याहून निराळे नाही. आधी मर्यादा ठरवावी, मग प्रत्यक्ष मोजावे, आणि दोहोंत अंतर दिसल्यास वेळीच उपाय करावा. हे तत्त्व आपल्या जुन्या दप्तरांत कसे उतरले होते ते थोडक्यात दाखवून संग्राहकांस एक विनंती करावी, एवढाच आमचा हेतु आहे.

श्यामशास्त्र्यांनी १९०९ मध्ये छापून प्रसिद्ध केलेल्या कौटिलीय अर्थशास्त्रात अक्षपटलाचा, म्हणजे हिशेबाच्या कचेरीचा, स्वतंत्र अध्याय आहे. गणनाधिकाऱ्यांनी आषाढी पौर्णिमेस मोहोरबंद पुस्तके व शिल्लक घेऊन यावे, आणि तपासणी होईपर्यंत त्यांस परस्परांशी बोलू देऊ नये, अशी तेथे आज्ञा आहे. अपहाराचे चाळीस प्रकार पुढील अध्यायात सांगितले आहेत. आय, व्यय व नीवी ही त्या शास्त्राची त्रयी; आपल्या दप्तरांतील जमा, खर्च व बाकी ती हीच.

मराठी राज्यात या तत्त्वास अधिकारविभागणीची जोड मिळाली. किल्ल्यावर हवालदार, सरनोबत व सबनीस हे एकाच दर्जाचे असत, असे कृष्णाजी अनंत सभासद सांगतो. कोठाराचा हिशेब कारखानिसाकडे असे. सबब किल्ला एकट्याच्या मुठीत येत नसे. पेशवाईत मामलेदाराच्या जोडीस दिवाण, मुजुमदार, फडणीस, पोतनीस आदि दरकदार असत. त्यांस काढून टाकण्याचा अधिकार मामलेदारास नव्हता, आणि मुजुमदाराने पाहिल्यावाचून कागद फडणिसापुढे जात नसे. येणाऱ्या वसुलाचा अंदाज तो आजमास. वर्षाअखेरचा खरा जमाखर्च तो ताळेबंद. दोहोंचा मेळ हुजुरात पाहिला जाई, आणि सर्व राज्याच्या गोषवाऱ्यासाठी पुण्यास एकबेरीज दप्तर होते. ही रचना माणसाच्या सचोटीवर विसंबून नव्हती, आणि नुसत्या संशयावरही उभी नव्हती. एकाचे काम दुसऱ्याच्या लेखणीखालून जावे, एवढीच तिची योजना होती.

ही योजना सुटली म्हणजे काय होते तेही इतिहासात नमूद आहे. १७९६ मध्ये दुसरा बाजीराव गादीवर आला. पुढे मामलती अधिक बोली करणारास मक्त्याने दिल्या जाऊ लागल्या. पैसा आगाऊ मिळू लागल्यावर हिशेब पाहण्याची निकड कोणास राहिली नाही. हुजूर दप्तराची हेळसांड झाली आणि त्यातील कागद लोकांनी नेले. राज्य १८१८ मध्ये बुडाले. त्याची पडताळणी त्याआधीच बुडाली होती.

आता विनंती. शिक्क्यामोर्तबाची सनद, नामांकित पुरुषाचे पत्र यांस संग्रहात मान मिळतो. जमाखर्चाच्या फर्दा मात्र रद्दीत जातात, किंवा सुटे सुटे बंद विकले जातात. परंतु आजमासाचा अर्थ ताळेबंदावाचून लागत नाही. दोन कागद एका रुमालात असतील तरच अंदाज किती, वसूल किती आणि तूट कोणाच्या पदरी पडली हे कळेल. नळदुर्गचा मुलूख १८५३ च्या तहाने निजामाकडून इंग्रजांकडे गेला, तेथे मेडोज टेलर साहेबांनी कारभार केला, आणि १८६० मध्ये तो निजामास परत मिळाला. इतक्या थोड्या काळात दोनदा अंमल पालटलेल्या प्रांतात एका गावचे लागोपाठचे ताळेबंद हाती आल्यास राज्य बदलल्याने रयतेचे ओझे वाढले की घटले हे त्यांवरून पाहता येईल. सनदेवरून ते कधीच कळणार नाही.

यास्तव रुमाल मिळाल्यास तो फोडू नये. कागदांचा मूळ क्रम टिपून मगच गाठ सोडावी, आणि हिशेबाचा फाटका बंदही त्याच्या जोडीदारापासून दूर करू नये.