एमी जॉन्सन यांचे शेवटचे उड्डाण

५ जानेवारी १९४१ रोजी दुपारी साडेतीनच्या सुमारास इंग्लंडच्या आग्नेय किनाऱ्यावर, हर्न बेनजीक टेम्स नदीच्या मुखाशी, ब्रिटिश नौदलाच्या एका ताफ्यातील खलाशांना ढगांतून खाली येणारी हवाई छत्री दिसली. त्या छत्रीखाली एमी जॉन्सन होत्या. दहा वर्षांपूर्वी त्यांचे नाव जगभर झाले होते. ५ मे १९३० रोजी क्रॉयडनहून निघून २४ मे रोजी ऑस्ट्रेलियातील डार्विन गाठणाऱ्या, हे अंतर एकट्याने पार करणाऱ्या त्या पहिल्या स्त्री वैमानिक होत. त्या प्रवासात, तेव्हा मुंबई इलाख्यात मोडणाऱ्या कराचीला त्या सहा दिवसांत पोहोचल्या आणि पुढे इंधन संपत आल्याने झाशीच्या कवायतीच्या मैदानावर उतरल्या होत्या. अशा वैमानिकेचा मृत्यू अवघ्या तासाभराच्या साध्या फेरीत कसा झाला, हा प्रश्न आठ दशके उलटली तरी पुरता सुटलेला नाही.

युद्धकाळात जॉन्सन ‘एअर ट्रान्सपोर्ट ऑक्झिलरी’ या संघटनेत होत्या. कारखान्यांतून व दुरुस्ती-केंद्रांतून विमाने हवाई दलाच्या तळांवर पोहोचविणे हे या संघटनेचे काम. पॉलिन गोवर यांच्या नेतृत्वाखाली १९४० च्या आरंभी आठ स्त्रियांपासून तिचा महिला विभाग सुरू झाला. येथील वैमानिक बिनतारी संदेशयंत्राविना उड्डाण करीत. ढगांखाली राहून, जमिनीवरील रेल्वेमार्ग व नद्या पाहत मार्ग काढावा, असा दंडक होता. पुढील सगळा वाद समजून घेताना ही बाब ध्यानात ठेवावी लागते.

स्कॉटलंडमधील प्रेस्टविकहून एअरस्पीड ऑक्सफर्ड जातीचे दुहेरी इंजिनांचे विमान ऑक्सफर्डजवळील किडलिंग्टन तळावर न्यायचे होते. वाटेत ब्लॅकपूलला बहिणीकडे मुक्काम करून जॉन्सन ५ जानेवारीला दुपारच्या आत निघाल्या. हवामान वाईट होते. ब्लॅकपूल ते किडलिंग्टन हे अंतर सुमारे अडीचशे किलोमीटर. प्रत्यक्षात विमान सुमारे साडेतीन तास हवेत राहिले आणि नियोजित ठिकाणापासून दीडशेहून अधिक किलोमीटर दूर समुद्रात पडले.

ताफ्यातील ‘हॅझलमिअर’ या जहाजाने त्यांच्या दिशेने धाव घेतली. पाण्यातून मदतीची हाक देणारा स्त्रीचा आवाज खलाशांनी ऐकला. पण गोठविणाऱ्या लाटांतून दोर त्यांच्या हाती लागला नाही. जहाजाचे अधिकारी लेफ्टनंट कमांडर वॉल्टर फ्लेचर यांनी पाण्यात उडी घेतली. त्यांनाही थंडीने गाठले व त्यांचा अंत झाला. त्यांना मरणोत्तर अल्बर्ट पदक देण्यात आले. जॉन्सन यांचा मृतदेह सापडला नाही. हाती आले ते त्यांचे सामान व कागदपत्रे. १९४३ साली न्यायालयाने त्यांचा मृत्यू गृहीत धरण्यास मान्यता दिली.

मृतदेह नाही म्हटल्यावर कहाण्यांना ऊत येणे ओघानेच आले. पाण्यात दोन व्यक्ती दिसल्याचे काही खलाशांनी सांगितले आणि वृत्तपत्रांनी एका गूढ सहप्रवाशाचा शोध सुरू केला. कोणी त्यांना हेरगिरीच्या कामगिरीवर पाठविले. ब्लॅकपूलच्या विमानतळावर मात्र त्या एकट्याच निघाल्याचे पाहणारे होते आणि दुसरा कोणी बेपत्ता असल्याची नोंद कधी पुढे आली नाही. लाटांवर तरंगणारी त्यांची बॅगच दुसरी व्यक्ती म्हणून दिसली असावी, हे स्पष्टीकरण रुक्ष वाटले तरी अधिक पटण्याजोगे आहे.

१९९९ साली एका माजी विमानविरोधी तोफचीने वेगळाच दावा केला. त्या दिवशीचा ओळखीचा संकेत विमानातून दोनदा चुकीचा आल्यामुळे आपल्या तुकडीने गोळे डागले आणि दुसऱ्या दिवशी वृत्तपत्रे पाहून वरिष्ठांनी सर्वांना गप्प राहण्यास बजावले, असे त्याचे म्हणणे. आपल्याच तोफांनी आपलीच विमाने पाडल्याच्या घटना युद्धात घडल्या होत्या, त्यामुळे दावा हसण्यावारी नेण्याजोगा नाही. परंतु ज्या संघटनेची विमाने संदेशयंत्राविना उडत, त्यातल्याच एका विमानाशी बिनतारी संवाद कसा झाला, या प्रश्नाशी तो अडखळतो. कदाचित त्या तुकडीने खरोखरच एखादे विमान पाडले असेल. ते हेच होते हे मात्र अठ्ठावन्न वर्षांनंतरच्या आठवणीवरून ठरत नाही. पुढे २०१६ मध्ये इतिहासकार अ‍ॅलेक गिल यांनी जहाजावरील एका खलाशाच्या मुलाच्या हवाल्याने, इंजिन उलटे फिरविताना जॉन्सन जहाजाच्या पंख्यात ओढल्या गेल्या, असे मांडले. त्या खलाशाने स्वतः ते पाहिले नव्हते.

सर्वांत साधे उत्तर हवामानाचे आहे. ढगांखाली वाट मिळेना म्हणून जॉन्सन नियम मोडून ढगांवर गेल्या असाव्यात. खाली उतरण्यास फट सापडली नाही, दिशा चुकत गेली आणि इंधन संपल्यावर खाली जमीन आहे असे समजून त्यांनी उडी घेतली. ताफ्यातील जहाजांवर शत्रूच्या विमानांना अडविण्यासाठी फुगे सोडलेले असत; ढगांतून वर आलेले फुगे पाहून खाली शहर असल्याचा त्यांचा ग्रह झाला असावा, असाही काहींचा तर्क आहे. घड्याळाचा हिशेब या उत्तराच्या बाजूने आहे: तासाभराच्या उड्डाणाला साडेतीन तास लागले, ते गोळा लागल्याने नव्हे.

अशा शोधात अभ्यासकाला प्रथम कागदच हाताळावे लागतात. वैमानिकांच्या वैयक्तिक फाइली लंडनच्या रॉयल एअर फोर्स संग्रहालयात, तर हवाई दल व नौदलाचे दफ्तर क्यू येथील राष्ट्रीय अभिलेखागारात आहे. अपघातानंतर संघटनेची समिती दोष वैमानिकाचा की नाही, एवढाच निवाडा थोडक्यात देई. हे कागद प्रशासनाच्या सोयीसाठी लिहिलेले असल्याने शेवटच्या तासाबद्दल ते फारसे बोलत नाहीत. साक्षींची गोष्ट उलटी: त्या भरपूर बोलतात, पण प्रत्येक जण आपल्या जागेवरून दिसले तेवढेच सांगतो, जहाजावरच्या माणसाला ढगांवरचे काही ठाऊक नसते.

ज्यांना थडगे लाभले नाही अशा वीस हजारांहून अधिक हवाई सैनिकांचे स्मारक विंडसरजवळ रनिमीड येथे १९५३ साली उभारण्यात आले. तेथील भिंतीवर एमी जॉन्सन यांचे नाव आहे.