शृंग आणि कंटक : औसा-तुळजापूर भागांतील महिषकथा

औसा हें गांव इतिहासाभ्यासकांस तेथील भुईकोट किल्ल्यामुळें परिचित आहे. १९८२ सालीं लातूर जिल्हा निराळा होईपर्यंत औसा व तुळजापूर हीं दोन्ही उस्मानाबाद जिल्ह्यांतच होतीं. तुळजापुरीं महिषासुरमर्दिनी विराजमान आहे. आणि याच मुलखांत शेताच्या बांधावर शेंदूर माखलेला म्हसोबा पुजला जातो. म्हसोबा या नांवाच्या मुळाशीं महिष आहे, असें बहुतेक विद्वान् मानतात. मग ज्या शृंगधाऱ्यास देवी वधते, त्यासच कुणबी नारळ कां फोडतो, हा प्रश्न आम्ही येथें विचारार्थ घेतला आहे.

प्रथम ग्रंथांची साक्ष पाहूं. देवीमाहात्म्यांत महिष शिंगांनीं पर्वत उधळतो व मेघ फाडतो. तुळजापूरच्या कथेंत कर्दमपत्नी अनुभूतीस पीडणारा कुकुर दैत्य अखेरीस महिषरूप घेतो व देवीच्या हातून मरतो. अशा दैत्यांस ग्रंथकार 'कंटक' म्हणतात. वाल्मीकीचा रावण 'लोककंटक' आहे. कौटिल्याच्या अर्थशास्त्राचें चौथें अधिकरण 'कंटकशोधन' होय. आपणहि 'निष्कंटक राज्य' म्हणतोंच. परंतु कांटा ही चालणाऱ्याची तक्रार आहे. बाभळीस तें कुंपण असतें. सबब एकास कंटक ठरविणारी साक्ष दुसऱ्या पक्षाकडूनच आलेली आहे, हें विसरतां कामा नये.

लोकाचाराची साक्ष निराळी पडते. पुरंदर तालुक्यांतील वीर येथें म्हस्कोबाचें जोगूबाईशीं माघी पौर्णिमेस लग्न लागतें. हा देव परांडा तालुक्यांतील सोनारीहून, म्हणजे मराठवाड्यांतूनच, कमळाजी धनगराच्या भक्तीमुळें तेथें आला, अशी परंपरा आहे. शिवाय मरीआईचा पोतराज आसूड ओढीत दारीं येतो. तेलुगूंत 'पोतु' म्हणजे नर, विशेषेंकरून रेडा. त्यावरून पोतुराजु म्हणजे रेड्यांचा राजा, अशी व्युत्पत्ति देतात. तेलंगणांत हा ग्रामदेवीचा रक्षक गणला जातो. एवंच महिष एके ठिकाणीं वध्य, दुसरीकडे वर व तिसरीकडे सेवक आहे.

दामोदर धर्मानंद कोसंबी यांनीं १९६२ सालच्या आपल्या ग्रंथांत असें प्रतिपादिलें कीं, पशुपालांचा देव व अन्न गोळा करणाऱ्या लोकांची देवी यांचा आधीं संघर्ष व पुढें विवाह झाला. हें मत आम्हांस विचारार्ह वाटतें. तथापि तें सिद्ध झालें असें आम्ही म्हणत नाहीं. सोनारीचा देव काळभैरव आहे, महिष नव्हे. शिवाय नामसादृश्यावरून लढाई सिद्ध होत नाहीं.

इतकें मात्र निश्चित कीं, वधाची कथा हीच या देवाची एकमेव कथा नव्हे. ती पोथींत राहिली म्हणून सहज हातीं लागते. दुसरी बांधावरील दगडांत, लग्नविधींत व पोतराजाच्या नांवांत राहिली आहे. रस्तारुंदींत व बांध मोडण्यांत असे दगड नाहींसे होतात, तेव्हां त्यांबरोबर ही साक्षहि जाते. औसा भागांतील अभ्यासकांनीं पोथ्यांइतक्याच काळजीनें प्रत्येक म्हसोबाचें स्थान, सण व नैवेद्य टिपून ठेवावे, अशी आमची विनंति आहे.