मूळगाठ सूत्रकृमी : ओळख व वर्गीकरण

मूळगाठ सूत्रकृमी : मुळांत शिरून गाठी निर्माण करणारे परजीवी कृमी. प्रजाती मेलॉइडोगायनी. महाराष्ट्रात टोमॅटो, वांगी, डाळिंब, हळद अशा अनेक पिकांवर आढळतात. शेतकरी त्यांना निमॅटोड म्हणतात.

झाड खुजे राहते, पाने पिवळी पडतात, दुपारी ती मलूल होतात. खत-पाणी कमी पडल्यावरही हेच दिसते, म्हणून झाड हलकेच खणून मूळ पाहणे अटळ ठरते. हरभरा, भुईमूग यांच्या मुळांवरील रायझोबियमच्या गाठी बाजूला चिकटलेल्या असतात, चोळल्यास निघतात व कार्यक्षम असल्यास आतून गुलाबी दिसतात. सूत्रकृमीची गाठ म्हणजे मूळच सुजलेले असते. ती सुटी होत नाही.

साधारण अर्ध्या मिलिमीटरएवढी दुसऱ्या अवस्थेतील पिल्ले मुळात शिरतात. त्यांच्या स्रावांमुळे काही पेशी अवाढव्य होतात आणि त्यांवरच मादी पोसते. वाढलेली मादी नासपतीच्या आकाराची, पांढुरकी व स्थिर असते. ती चिकट पुंजक्यात शेकडो अंडी घालते.

1855 मध्ये माइल्स बर्कली यांनी इंग्लंडमधील काचगृहात काकडीच्या मुळांवरील गाठी नोंदवल्या. पुढे बराच काळ हे सारे कृमी एकाच जातीचे मानले जात. 1949 मध्ये बी. जी. चिटवुड यांनी मादीच्या गुदद्वार व योनीभोवतीच्या त्वचेवरील रेषांवरून जाती वेगळ्या केल्या. इन्कॉग्निटा जातीत वरची कमान उंच व चौकोनी, अरेनेरियात बसकी व गोलाकार असते. जावानिकात दोन्ही बाजूंना ठळक रेषा, तर हॅप्लात शेपटीजवळ बारीक ठिपके दिसतात. एकाच जातीतही हे ठसे बरेच बदलतात. केवळ त्यांवर भिस्त ठेवणे धोक्याचे आहे. म्हणून एकेका मादीतील एस्टरेज विकरांचे पट्टे व डीएनए चाचणी यांची जोड दिली जाते. डीएनए चाचणीला मातीतील पिल्लेही चालतात.

जातीचा निर्णय व्यवहारात फार मोलाचा आहे. रानटी टोमॅटोतून आलेले एमआय जनुक इन्कॉग्निटा, जावानिका व अरेनेरिया यांना रोखते. हॅप्ला व एन्टरोलोबी या जातींना नाही. माती 28 अंश सेल्सियसच्या वर तापली की त्याचा प्रतिकार ढासळतो. भारतात पेरूच्या बागांना ग्रासणारा एन्टरोलोबी लागण झालेल्या रोपांबरोबर दूरवर जातो. त्यामुळे लागवडीपूर्वी कलमांची मुळे तपासणे आवश्यक आहे.

तपासणीसाठी बारीक मुळे व त्यांभोवतीची ओलसर माती अनेक ठिकाणांहून घ्यावी. पिशवी सावलीत ठेवावी. नमुना सुकला वा तापला तर पिल्ले मरतात.