आपला एक डबा

राजांच्या खजिन्यांचे हिशेब इतिहासात सापडतात. कुठल्या किल्ल्यावर किती कोठ्या होत्या, त्यांत किती धान्य होतं, हे कुणीतरी लिहून ठेवलेलं असतं. पण घरातल्या बाईनं सुया कुठं ठेवल्या, मणी कशात जपले, बटणं, रिळं, क्रोशाची सुई, लेकराच्या कुंचीसाठी राखलेला रेशमी तुकडा कुठं सांभाळला, याची नोंद कुणी केली नाही. तशी यादी असती तर बायकांचा निम्मा इतिहास आयता हाती आला असता. कारण डबा निवडताना दोन प्रश्न असतात. वस्तू कशात टिकेल, हा पहिला. आणि ती वस्तू कुणाची, हा दुसरा.

सीमाभागातल्या आपल्या जुन्या घरांत सोपा पुरुषांचा, माजघर सगळ्यांचं आणि कोठीच्या किल्ल्या सासूच्या कमरेला. सुनेच्या वाट्याला भिंतीतली एखादी देवळी आणि एक खुंटी. सामान ठेवायला मातीची गाडगी-मडकी, त्यांची उतरंड, वेताची नाहीतर बांबूची बुट्टी, दुरडी. आमच्या भागात खानापूरची माती भांड्यांसाठी चांगली, म्हणून तिकडची गाडगी घरोघर. माती धान्याला चांगली, पण सुईदोऱ्याला नाही, पावसाळ्यात ओल धरते. म्हणून बारीकसारीक वस्तू कापडात राहिल्या. कसे ओढून बंद करायचा बटवा, गुंडाळून ठेवायची चंची, आणि वाकळेसाठी जमवलेल्या चिंध्यांचं गाठोडं. या सगळ्यांत एक गोष्ट सारखी होती. गाठ कुणीही सोडू शकत होतं.

झाकण लावून बंद होणारी आणि 'हिची' म्हणता येणारी पहिली वस्तू म्हणजे फणेरपेटी. वर आरसा, आत फणी, कुंकू, मेण आणि खाली एखादा चोरखण. तिच्या जोडीला करंडा. सावंतवाडीचे लाखेनं रंगवलेले लाकडी करंडे आंबोली घाट चढून आपल्याकडे यायचे. फणेरपेटी नावाला शृंगाराची, पण खालच्या खणात सुयांची पुडी, चार मणी, माहेरच्या मोत्यांतला एखादा सुटलेला मोती आणि जमलं तर दोन आणे असायचे.

मग पितळ. बेळगावात बोगारवेस आहे, रोज तिथून जातो आपण. कन्नडमध्ये बोगार म्हणजे तांब्यापितळेची भांडी करणारा, विकणारा. आपण त्याला कासार म्हणतो. या धंद्यात आपल्या समाजाचीही पुष्कळ घरं होती. पितळी डबा जड, टिकाऊ, कडी-कोयंड्याचा. त्याला छोटं कुलूप बसतं. मसाल्याला मिसळणाचा डबा, आत वाट्या आणि वरून घट्ट झाकण. आंबट पदार्थ पितळेत कळकतो, म्हणून कल्हई लावायची. सुयाबटणांना कल्हईची गरज नाही, त्यामुळे कल्हई उडालेला, स्वयंपाकघरातून निवृत्त झालेला डबा शिवणाकडे यायचा. डब्यावर नाव घातलेलं असायचं ते सासऱ्यांचं, नाहीतर यजमानांचं. आत सुया हिच्या, वर नाव त्यांचं.

हे नुसतं नावापुरतं नव्हतं. कात्यायनस्मृतीत स्त्रीधनाचा विचार आहे. माहेरून आलेलं, लग्नात मिळालेलं ते तिचं. पण बाईनं स्वतःच्या हस्तकलेतून जे मिळवलं, त्यावर स्वामित्व नवऱ्याचं, असं तिथं सांगितलंय. म्हणजे सुई तिची, बोटं तिची, डोळे तिचे, पण कशिद्याचे पैसे त्याचे! पुढं इंग्रजी अमदानीत १८७४ साली विवाहित स्त्रियांच्या मालमत्तेचा कायदा झाला. लग्न झालेल्या बाईची कमाई तिची स्वतःची, असं त्यानं मान्य केलं. पण त्याच कायद्यात लिहिलं होतं की लग्नाच्या वेळी हिंदू, मुसलमान, बौद्ध, शीख किंवा जैन धर्म पाळणाऱ्या बायकांना तो लागू नाही. राहिलं कोण मग? या देशातल्या बहुतेक सगळ्या बायका बाहेरच राहिल्या. क्रोशाची झालर विकून आलेला रुपया कुलपाच्या डब्यात का जायचा आणि कुलपाची किल्ली मंगळसूत्राला का बांधलेली असायची, ते यावरून कळतं. कायद्याचं काम तो डबा करत होता.

यानंतर आला पत्रा. लोखंडाच्या पातळ पत्र्यावर कथलाचा मुलामा देऊन केलेल्या डब्यात अन्न टिकवायचं पेटंट इंग्लंडात १८१० साली पीटर ड्युरँड यांनी घेतलं. आपल्याकडे पत्रा आला तो मुख्यतः रॉकेलमुळे. चार गॅलनचा, म्हणजे सुमारे १८ लिटरचा चौकोनी डबा. रॉकेल संपलं की तो धुऊन, उन्हात ठेवून, वरचा पत्रा कापून, कडा ठोकून घरात यायचा. १९३७ साली डालडा बाजारात आला. त्याच्या पिवळ्या डब्यावरचं हिरवं झाड माझ्या पिढीतल्या बायकांना अजून आठवत असेल. तूप कुणाला आवडो न आवडो, डबा सगळ्यांना हवा असायचा. कुणी त्यात तुळस लावली, कुणी डाळ ठेवली, कुणी लोकरीचे गुंडे.

आमच्या आज्जीचा शिवणाचा डबा असाच, विलायती बिस्किटांचा. रंग उडालेला, झाकणावरचं चित्र ओळखू न येणारं. आत एका कोपऱ्यात हिंगाच्या डबीत हुक, दुसऱ्या डबीत टिचबटणं, लोकरीच्या तुकड्यात टोचलेल्या सुया. सगळ्यांत खाली वर्तमानपत्राची घडी आणि त्या घडीखाली तिचे पैसे. घरातल्या प्रत्येकाला ते ठाऊक होतं आणि कुणीही त्या घडीला हात लावत नव्हतं. माझ्या आक्काच्या परीक्षेची फी एकदा तिथूनच भरली गेली. सोप्यावर 'मुलीला पुढं कशाला शिकवायचं' ही चर्चा चाललेली असताना आज्जीनं बिस्किटाचा डबा उघडला, आणि चर्चा तिथंच संपली.

या पैशाला कायद्याचा आधार मिळाला तो १९५६ साली. हिंदू वारसा कायद्याच्या चौदाव्या कलमानं बाईला तिच्या मालमत्तेची पूर्ण मालकीण ठरवलं, आणि मालमत्ता कशी कशी आलेली असू शकते हे सांगताना तिनं स्वतःच्या कसबानं किंवा श्रमानं मिळवलेलीही त्यात घेतली. या वेळी जैन बायका बाहेर राहिल्या नाहीत. कायद्याच्या नावात हिंदू असलं तरी बौद्ध, जैन, शीख यांनाही तो लागू आहे, असं त्यातच म्हटलंय. कात्यायनानं वगळलेली सुई हजारावर वर्षांनी बाईच्या हातात परत आली.

मग आलं स्टील. ते न गंजणारं, न कळकणारं, कल्हई न मागणारं. पण स्टील घरात कसं आलं ते बघा. दुपारी पुरुषमंडळी बाहेर गेली की बोहारीण दारात यायची. जुन्या साड्या, जरीचे काठ, विटलेल्या पॅंटी देऊन डबा घ्यायचा. घासाघीस तासभर चालायची. "आणि एक लुगडं घाला की वैनी, झाकणाचा डबा देते." या सौद्याला कुणाकडं पैसे मागावे लागत नव्हते आणि कुणाला हिशेब द्यावा लागत नव्हता. आपल्याकडच्या कितीतरी बायकांची पहिली स्वतंत्र खरेदी म्हणजे बोहारणीकडचा डबा.

प्लॅस्टिकच्या डब्यांची गोष्ट अमेरिकेतली, पण सांगण्यासारखी आहे. अर्ल टपर यांनी १९४६ साली हवाबंद झाकणाचे डबे बाजारात आणले. दुकानात ते फारसे खपेनात. ब्राउनी वाइज नावाच्या बाईनं ते घरोघरी बायकांच्या बैठका घेऊन विकायची पद्धत वाढवली आणि कंपनीचं नशीबच पालटलं. १९५४ साली 'बिझनेस वीक'च्या मुखपृष्ठावर झळकलेली ती पहिली बाई. १९५८ साली टपर यांनी तिला काढून टाकलं. हाती फक्त एका वर्षाचा पगार आला, कंपनीत तिच्या नावचा एक शेअरसुद्धा नव्हता. घरोघरी डबे पोचवणाऱ्या बाईकडे स्वतःचं असं काही नव्हतं. १९९६ साली तेच डबे भारतात आले, आणि तशाच बैठका आपल्या सोसायट्यांतून भरू लागल्या.

आता दुकानात गेलं की डब्यांचा डोंगर दिसतो. तेव्हा हा इतिहास उपयोगी पडतो. सुया पत्र्याच्या जुन्या डब्यात ठेवू नका. मुलामा खरवडला की बेळगावच्या पावसात गंज धरतो आणि तो सुईला लागतो. घट्ट झाकणाची कोरडी डबी आणि आत लोकरीचा तुकडा, ही आज्जीची रीत अजून उत्तम. मणी, टिकल्यांना रुंद तोंडाची, आतलं दिसणारी बरणी घ्या, नाहीतर मिसळणाचा डबाच वापरा. वाटी उचलून हाताशी घेता येते. जर आणि रेशीम प्लॅस्टिकमध्ये कोंडू नका, मऊ सुती कापडात गुंडाळा. आणि आधी वस्तू मोजा, मग डबा आणा. रिकामा डबा घरात आला की तो भरायला वस्तू येतातच. परिग्रहाला मर्यादा घाला, असं सांगणाऱ्यांना बहुधा हे ठाऊक होतं.

लेकीला, सुनेला काही द्यायचं असेल तर एक चांगला स्टीलचा डबा द्या, कडी-कोयंड्याचा. भांड्याच्या दुकानात नाव घालणारा अजूनही विचारतो, "कुणाचं नाव घालू?" तेव्हा तिचं सांगा. सौभाग्यवती अमुक तमुक असं लांबलचक नको, नुसतं तिचं नाव.