शेतकी उमेदवारी, इंग्लंडमधील
धनी व उमेदवार यांच्यातील करारान्वये शेतीकाम शिकविण्याची जुनी पद्धत. १५६३ च्या कारागीरविषयक अधिनियमाने १० ते १८ वर्षे वयाच्या मुलांना किमान २१ व्या वर्षापर्यंत शेतकऱ्याकडे उमेदवार ठेवण्यास मान्यता दिली. १६०१ च्या गरिबांविषयीच्या कायद्यान्वये पॅरिशचे अधिकारी, दोन दंडाधिकाऱ्यांच्या संमतीने, निर्धन मुलांना उमेदवारीस बांधून देत. मुलग्यांची मुदत २४ व्या वर्षापर्यंत असे. ती १७७८ मध्ये २१ व्या वर्षापर्यंत आणण्यात आली. १६९७ पासून उमेदवार नाकारणाऱ्या धन्यास १० पौंड दंड होई. डेव्हन परगण्यात ही प्रथा विशेष रूढ होती. उमेदवारास अन्न, वस्त्र व निवारा मिळे. वेतन सहसा नसे. तो नांगरणी व गुरांची निगा शिके; तथापि जमिनीअभावी पुढे बहुधा मजूरच राही. धन्यांवरील सक्ती १८४४ मध्ये रद्द झाली. शिक्षणाच्या नावाखाली दारिद्र्यनिवारणाचा भार मुलांच्याच श्रमांवर टाकणारी अशी ही व्यवस्था होती.