उजेडाचा जमाखर्च

पवनारास धाम नदीच्या कांठीं वर्ध्याचे शेठ जमनालाल बजाज ह्यांचा बंगला होता. 1938 सालीं विनोबा तेथें राहावयास आले, आणि 1950 सालीं त्यांनीं कांचनमुक्तीचा, म्हणजे पैशाची शिल्लक सोडून रोजच्या श्रमावर जगण्याचा, प्रयोग आरंभिला. जमनालालजींच्या आजोबांच्या नांवानें 1945 सालीं निघालेली बच्छराज ट्रेडिंग कॉर्पोरेशन हीच पुढें बजाज ऑटो झाली. 1948 पासून ती परदेशी दुचाक्या आणून विकूं लागली. श्रमावर जगणें आणि शिल्लक राखणें ह्या दोन रीतींचें प्रतिबिंब जुन्या दुचाक्यांच्या दिव्यांतहि दिसतें.

त्या काळच्या पुष्कळ स्कूटरींना बॅटरीच नसे. इंजिनाबरोबर फिरणाऱ्या लोहचुंबकांपासून निपजलेली वीज थेट दिव्यास मिळे. वेग वाढला कीं दिवा प्रखर, गाडी मंदावली कीं मिणमिणता. हा मजुराचा संसार: रोज मिळवावें, रोज खावें. 1960 नंतर म्हैसुरास बनूं लागलेल्या जावा मोटरसायकलीचा थाट गृहस्थाचा. तींत 6 व्होल्टची बॅटरी ही शिल्लक, 45 वॅटचा डायनॅमो ही कमाई, आणि रेग्युलेटर हा मुनीम.

परंतु शिल्लक असली कीं तूट झांकली जाते. डायनॅमो बंद पडला तरी ठिणगीसाठीं इंजिन बॅटरीतलेंच खात राहतें. ती रिती झाली म्हणजे गाडी वाटेंत उभी. मालक बॅटरीस दोष देतो, नवी आणतो, आणि थोड्याच दिवसांत तीहि बसते.

जाणता कारागीर आधीं कमाई तपासतो. किल्ली फिरवितांच लागणारा तांबडा दिवा इंजिनाची गति वाढल्यावर विझला पाहिजे. बॅटरीचा दाब सुमारें 6.3 वरून 7 व्होल्टांवर चढला पाहिजे. तसें न झाल्यास डायनॅमोचे कार्बनचे ब्रश झिजले काय, त्यांखालील तांब्यावर काजळी बसली काय, हें पाहावें. डायनॅमो वीज देत असूनहि ती बॅटरीपर्यंत पोंचत नसेल, आणि मधली तार शाबूत असेल, तर अपराध मुनिमाचा. त्याच्या कटआउटचीं टोंकें चिकटलीं, तर उभ्या गाडींतहि बॅटरी उलट डायनॅमोंत रिकामी होते.

पवनारचा मार्ग सर्वांस झेपणारा नव्हे. गृहस्थास शिल्लक हवीच. मात्र दिवा लागतो आहे एवढ्यावरून कमाई चालू आहे असें त्यानें समजूं नये. तांबड्या दिव्याकडे अधूनमधून पाहावें.